परत का नाही फिरले?

क्लोंडाइकबद्दल, म्हणजे १८९७-९८ साली कॅनडाच्या युकॉन भागात सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीबद्दल, कुठेही बोललो की हा प्रश्न येतोच. समोर माणसं मरत होती, तरी ते लोक परत का नाही फिरले? आणि मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो: हाव, दुसरं काय! तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

हाव होती, नाकारत नाही. पण १८९३च्या मंदीत अमेरिकेत बँका बुडाल्या होत्या, कामं गेली होती. कित्येकांनी घरातलं होतं नव्हतं ते विकून शिधा भरला होता. वर्षभराचा शिधा असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस अलास्का-कॅनडा सरहद्दीवरच्या खिंडीतून पुढे सोडत नव्हते. तंबू-अवजारं धरून माणशी साधारण ९०० किलो! हमाल परवडत नसेल तर सगळं स्वतःच्या पाठीवर. खेपेला पंचवीस-तीस किलो, म्हणजे चिलकूट खिंडीच्या त्याच चढावर, बर्फात खोदलेल्या त्याच पायऱ्यांवरून तीसेक खेपा. शेजारच्या व्हाइट पासची वाट जनावरांची; तिथे सुमारे ३,००० घोडे मेले.

आता ३ एप्रिल १८९८ बद्दल. बरेच दिवस बर्फ पडत होता. हा डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या तिथल्या त्लिंगिट आदिवासी हमालांनी वर जायला नकार दिला होता. त्या रविवारी पहाटेपासून लहान लहान हिमकडे कोसळू लागले, काही माणसं गाडली गेली. चढाच्या पायथ्याशी ‘स्केल्स’ म्हणून तळ होता. तिथली माणसं घाबरून खाली शीप कॅम्पकडे निघाली. वादळात समोरचं दिसेना, म्हणून दोरी धरून, एकामागे एक. दुपारच्या सुमाराला सगळ्यात मोठा कडा कोसळला तो या रांगेवर. शेकडो लोक फावडी घेऊन धावले. बर्फाखालून आवाज येत होते. काहींना जिवंत काढलं, साठहून अधिक गेले. वाटेच्या सुरुवातीच्या डायी गावाच्या दफनभूमीत मी फळीमागून फळीवर तीच एक तारीख वाचली आहे, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला सहन होत नाही. अहो, ती माणसं परतच फिरली होती!

खालच्या तळापर्यंतच, घरी नव्हे, हे खरं. आणि काही दिवसांत पायऱ्यांवर पुन्हा रांग लागली, हेही खरं. पूर्वी मी ठासून सांगायचो की त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. आता तसं म्हणवत नाही. घरून निघालेल्या लाखभर लोकांपैकी सोन्याच्या खाणींजवळच्या डॉसन गावाला पोचले तीस-चाळीस हजार. म्हणजे मार्ग होता, आणि बहुतेकांनी तो घेतलाही. त्यांच्याबद्दल मला कुणी विचारत नाही.

उरलेल्यांनी बेनेट सरोवराकाठी झाडं तोडून होड्या बांधल्या, मे अखेरीस बर्फ फुटल्यावर युकॉन नदीत घातल्या. जूनमध्ये डॉसनला पोचले तेव्हा चांगल्या जमिनींवर कधीच हक्क लागले होते. मग त्यांतले कित्येक जण गावातून नुसते हिंडले, सामान विकलं आणि घरी गेले. सोन्यासाठी एक खड्डासुद्धा खणला नाही. निव्वळ हाव होती म्हणता, तर याचं काय करायचं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही, पण तुमचंही मी मानत नाही.