३१ वरून शून्य

१ मे, रात्री

आज सुट्टी. कापसाची जिनिंग तशीही थंडच आहे. हंगाम मार्चमध्ये आटोपला, हमाल गावाकडे गेले. आवारात विकायच्या राहिलेल्या गाठी आणि हिशेब घेऊन बसलेला मी, एवढेच उरलो आहोत.

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती म्हणून गावी गेलो, अमळनेरजवळ. लेकीबाळी झोक्यावर आणि पुरुषमंडळी निंबाखाली पत्त्यांवर. मी खेळत नाही, नुसता बसतो. कुणीतरी डाव जिंकला, खुशीत सिगारेटचं पाकीट फिरलं, माझ्यापर्यंत आलं आणि मी एक काढली. मनात लढाई वगैरे काही झाली नाही. मग आणखी एक. संध्याकाळी तिसरी, घरामागे, आईला दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून. वय वर्षं ४२.

रात्री गच्चीवर पडलो तेव्हा मोबाइलमधल्या सिगारेट सोडवायच्या अ‍ॅपने नेहमीप्रमाणे विचारलं, आज ओढली का? खोटं बोलायचा कंटाळा आला होता. हो दाबलं. गुढीपाडव्यापासून एकेक करून वाढलेले, न ओढलेले ३१ दिवस गेले आणि तिथे भलंमोठं शून्य आलं. खाली हिंदीत, फिर से शुरू करें, आणि एक फुगा.

ज्याचं डोकं दिवसातून पन्नासदा ‘तुझ्याने काही होणार नाही’ म्हणतं, त्याच्या हातात हे शून्य म्हणजे सही-शिक्क्याचा पुरावाच. आज सकाळी नानांच्या टपरीवर गेलो. शून्यच तर आहे, त्यातून अजून काय कमी होणार?

४ मे

हे सगळं सुरू कुठून झालं ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

फेब्रुवारीत जळगावच्या डॉक्टर मॅडमनी नऊ प्रश्नांचा कागद दिला होता. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं, झोप, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, अशी यादी. २७ पैकी माझे १६ आले, जितके जास्त तितकी उदासी जास्त. इतकी वर्षं मी त्याला ‘कंटाळा’ म्हणत होतो. मॅडमनी गोळ्या सुरू केल्या आणि सिगारेटचं विचारलं. म्हटलं, तेवढी एकच गोष्ट मला सावरून धरते, ती काढू नका.

त्यांनी वाद घातला नाही, हिशेब मांडला. धूर घेतल्यावर निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. उतरू लागलं की चिडचिड, बेचैनी, उदास वाटणं. मग पुढची सिगारेट ओढली की बरं वाटतं. म्हणजे सावकाराने आपलेच पैसे आपल्याला व्याजाने द्यावेत तसं. सगळी उदासी सिगारेटची नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण किती माझी आणि किती तिची, हे सोडल्याशिवाय कळणार नाही म्हणाल्या.

आणखी एक सांगितलं. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत काही औषधं लवकर संपवतं, त्यामुळे सिगारेट सुटली की त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. म्हणून मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्याने परस्पर न सोडता आधी डॉक्टरांना सांगावं. २ मिलिग्रॅमचं च्युइंगगम दिलं. ते चघळत बसायचं नाही, थोडं चावून तिखट झणझणलं की गालात दाबून ठेवायचं. काट्यावरच्या मुकादमाला वाटलं मी गुटखा धरला. हळहळला बिचारा.

जिनिंगच्या आवारात काडी ओढायची बंदी. रुईला ठिणगी लागली तर काय होतं हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. त्यामुळे दर वेळी गेटबाहेर नानांच्या टपरीपर्यंत जायचं, सुटी सिगारेट घ्यायची. सुटी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे म्हणे, नानांपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. सुटी घेण्यातला एक तोटा मला फार उशिरा कळला. पाकिटावर सोडण्यासाठी मदतीचा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट. सतरा वर्षं ओढूनही तो मी वाचला नव्हता, कारण अख्खं पाकीट मी कधी विकत घेतलंच नाही.

१८ मे

आज रविवार. जुनी रोजकीर्द काढली आणि मागच्या कोऱ्या पानावर रेघ मारली.

गेले पंधरा दिवस त्या शून्याशी माझं भांडण चाललंय. आमच्या धंद्यात एका दिवसाचा तोटा त्या दिवसाच्या नावे पडतो. मागची शिल्लक पुसून कुणी वही नव्याने उघडत नाही. मग पाडव्यापासून आजपर्यंत दिवस ५०. त्यात ओढली ते ४. न ओढलेले ४६. हे ४६ कुठेही गेलेले नाहीत. माझ्या छातीने ते घेतलेत. हे आकडे लिहिल्यावर मी चक्क चहा करून प्यालो, साखर जास्त घालून.

अ‍ॅपला नुसत्या शिव्याही देणार नाही. शोधलं तर आयकॅनक्विट नावाच्या अ‍ॅपची चाचणी सापडली, २०२० ची, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या कॅन्सर संशोधन केंद्राची. २,४१५ माणसं. तलफ आली की तिच्याशी झुंजू नका, येऊ द्या, बघत राहा, असं ते शिकवतं. वर्षानंतर १०० पैकी २८ जण सुटलेले, दुसऱ्या अ‍ॅपवाल्यांत २१. सात जणांचा फरक कमी नाही. पण १०० पैकी ७२ जणांना तिथेही सुटता आलं नाही, हे वाचून मला जास्त धीर आला, काय म्हणावं.

आणि २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र तपासलेले आहेत. सिगारेट सोडलेल्यांची उदासी आणि चिंता न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेली दिसली, आधीपासून मानसिक आजार असलेल्यांचीसुद्धा. मी बरोबर उलटं धरून बसलो होतो.

माझ्या अ‍ॅपमधलं एक कलम मात्र खरंच कामाचं निघालं. मन लागेपर्यंत थांबू नका, आधी छोटं काम करा, मन मागून येतं. मॅडमही हेच म्हणतात. पण त्यातली यादी कुणी केलीय कोण जाणे. ‘दुपारी बाहेर फेरफटका मारा.’ दुपारी, एप्रिलात, धरणगावात! मी माझी यादी केली: काट्याजवळच्या निंबाला दोन बादल्या पाणी, वहीची दोन पानं तपासणं, आईला फोन. तलफ काही मिनिटांची असते. दुसरी बादली भरेपर्यंत बहुधा उतरते. १३ तारखेला नाही उतरली.

ही काल म्हणाली, “तुम्ही त्या मोबाइलला सगळं सांगता, मला का नाही सांगत?” खरं उत्तर असं की, तुला सांगितलं की तुझा चेहरा उतरतो आणि मग मला तोही सांभाळावा लागतो. मोबाइलला चेहरा नाही. म्हणजे कसं वाटतंय ते सांगायला त्यात पाच आहेत, पण ते मी दाबायचे. उत्तर दिलं नाही. आज तिला ही वही वाचायला दिली. वाचून ती काही बोलली नाही, फक्त ४६ च्या खाली पेन्सिलीने रेघ ओढली.

३१ मे

सकाळपासून तंबाखूविरोधी दिनाचे संदेश येताहेत. फुप्फुसांची चित्रं. पाठवणाऱ्यांतले निम्मे मला टपरीवर भेटलेले आहेत.

६३ पैकी ५९. नऊ प्रश्नांचा कागद परवा पुन्हा भरला, ९ आले. गोळीचं श्रेय किती, सिगारेट सुटल्याचं किती, याचे वेगळे रकाने मॅडमकडेही नाहीत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्यांनी लिहून दिलाय, रात्री-अपरात्री लागला तर. एकदा लावला. मराठीत बोलले, घाई केली नाही.

अ‍ॅप अजून ठेवलंय. सकाळी अकराला आणि दुपारी चारला विचारतं, कैसा लग रहा है? रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे. मी दोन महिने मधलाच दाबत आलो. आई फोनवर “कसा शे रे?” विचारते तेव्हाही माझं ठरलेलं असतं, “बरा शे.” तोच मधला चेहरा.

आज तिचा फोन आला तेव्हा निंबाला पाणी घालत होतो. कसा शे म्हणाली. बादली खाली ठेवली आणि म्हटलं, “आज बरा नही शे, माय.”

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, “मंग घर ये.”

अमळनेरच्या एसटीत बसलो तेव्हा चारचा प्रश्न आला. डावीकडून दुसरा चेहरा दाबला.