माउसवरचा हात

आज दुपारी वडोदऱ्याच्या अलकापुरीतल्या आमच्या कार्यालयात शेजारच्या ताई नव्या मुलाला कागदावर खाती मांडून ताळा का जुळत नाही हे समजावत होत्या, आणि तेवढ्या वेळात त्यांचा डावा हात माउस उगाचच हलवत होता.

मी कारण विचारले. आमच्या संगणकांवर कामावर नजर ठेवणारी प्रणाली आहे; माउस काही वेळ हलला नाही, तर ती 'आयडल', म्हणजे रिकामा वेळ, अशी नोंद करून वर पाठवते.

"नाहीतर आयडल दाखवतं गं. मागच्या आठवड्यात ४० मिनिटं लागली माझ्या नावावर, ती यालाच शिकवण्यात गेली होती. कोणी विचारलंसुद्धा नाही."

हे शेवटचे वाक्य सयाजीबाग ओलांडून घरी येईपर्यंत मनातून गेले नाही.

थिबो आणि वॉकर या अभ्यासकांनी १९७५ मध्येच न्यायप्रक्रियेच्या अभ्यासातून दाखवले होते की, आपली बाजू मांडायला मिळाली, तर विरुद्ध गेलेला निकालही माणसाला न्याय्य वाटू शकतो. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये अवघड आणि नेमक्या उद्दिष्टाने काम सुधारते असे मांडले, पण ते उद्दिष्ट माणसाने आपले म्हणून स्वीकारलेले असावे लागते. माउस हलता ठेवणे हे ताईंनी कधी स्वीकारले होते?

नोंद वर जाण्याआधी ज्याची त्याला दाखवावी, एवढेच मी उद्या साहेबांना सांगणार आहे. तुमच्याकडे आधी विचारतात का?