टोचन

परवा भर दुपारी घरासमोरून एक टोचन गेलं. पुढे ट्रॅक्टर, मागे पांढरी कार, मधल्या दोराला कुणाचा तरी लाल टॉवेल बांधलेला. कारमधले गृहस्थ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ मानेने बसले होते. घोड्यावरच्या नवरदेवाचं असंच असतं, बसलाय तो वर, पण लगाम दुसऱ्याच्या हातात. पोरं त्यांच्याकडे बघत होती आणि ते कुणाकडेच बघत नव्हते.

त्या जागी मीही बसलेलो आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं अंबाजोगाईहून संभाजीनगरला निघालो होतो. केज मागे पडलं, नेकनूर यायचं होतं, आणि क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बोटाने उचकटून वर घेतलं, पुन्हा लोळलं. गाडी कडेला लागली ती एका बाभळीपाशी. बाभळीची सावली बॉनेटवर पडत होती, आमच्यावर नाही.

विम्यासोबत रस्त्यावरची मदतही घेतलेली होती, म्हणून फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. ‘सर, जवळचं लँडमार्क सांगाल?’ आजूबाजूला नांगरून टाकलेलं रान आणि एक बंद रसवंती. रसवंतीचं नाव काय, असं तिने विचारलं. गाडी उचलून न्यायला तीन तास लागतील, म्हणाली. बायको म्हणाली, महामार्गाचा १०३३ लावून बघा. पण तोवर मी बॉनेट उघडलं होतं, आणि आपल्याकडे बॉनेट उघडणं म्हणजे आमंत्रणच.

पहिला मोटारसायकलवाला म्हणाला, बॅटरी. दुसऱ्याने आत डोकावून, ‘तापली, पानी टाका,’ असा निकाल दिला. धोतरवाले एक आजोबा इंजिनाकडे बघतच राहिले, मग हळूच म्हणाले, ‘डिझेल हाय नव्हं?’ क्लच गेलाय हे मी प्रत्येकाला सांगत होतो. ते ऐकून घेत आणि पुन्हा आपल्याच निदानावर येत. मग खरा प्रश्न यायचा. ‘कुण्या गावचं म्हनायचं?’ गाव सांगितलं की आडनाव, आडनावावरून पाहुणे, पाहुण्यांवरून त्यांचा केजेतला साडू. मुलगी काय करते, जावई कुठं असतो, सगळं त्या बाभळीखाली निघालं. माझं एक मत तेव्हापासून पक्कं आहे: रस्त्यावर मदत करणारा पैसे घेत नसेल तर तो माहिती घेतो. फुकट काहीच नसतं.

म्हणून मला तो ट्रॅक्टरवाला आवडला. पाचशे म्हणाला, मी तीनशे म्हणालो, चारशेवर जमलं. गाव विचारलं नाही, जावई विचारला नाही. बंपरवरचं ते छोटं चौकोनी झाकण त्याने नखाने काढलं, डिकीतून स्टेपनीजवळचा हूक शोधून आणला आणि आत पिळून बसवला. ‘सायेब, गेर न्यूट्रलला ठिवा अन् इंजन चालू ऱ्हाऊ द्या. बंद गाडीचं ब्रेक अन् ष्टेरिंग लई जड जातंय. अन् दोर ढिला पडू देऊ नका, ढिला पडला की झटका बसतो.’ एवढंच. क्लच गेला तरी इंजिन चालू राहतं, त्यामुळे एसी लावून टोचन होण्याचं सुखही आमच्या वाट्याला आलं. नेकनूरच्या गॅरेजपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. बहुधा ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून तिने डोक्यावरून पदर घेतला होता.

लहानपणी गाडी बंद पडण्यात लाज नव्हती, कारण गाडी आपली नव्हती, एसटीची होती. एकदा दसऱ्याच्या सुमारास धारूरच्या घाटात आमची बस बसली. डिझेलमध्ये एअर आलेली. ड्रायव्हरमामांनी पंपाजवळचा एक नट ढिला केला आणि ते छोटा हातपंप दाबत राहिले, फचक फचक. नटाच्या कडेने फेस यायचा, बुडबुडे यायचे. निव्वळ डिझेल येईपर्यंत हे करायचं असतं, हे मला तेव्हापासून पाठ आहे, आणि पुढे जन्मात कधी उपयोगी पडलं नाही. पण घाटात ते दिवस सीताफळांचे. बालाघाटाच्या उतारावर ती रानोमाळ वाढतात. अर्धी बस डोंगरात शिरली. झाडावर पिकलेलं सीताफळ हाताच्या दाबानेच उकलतं, डोळे सुटे होतात, गर मनगटापर्यंत ओघळतो. गाडी सुरू झाल्यावर कंडक्टर हाका मारून थकले. माणसं येत होती ती ओचे भरून, तोंडातल्या बिया थुंकत. आईने तर जाणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये बसायला साफ नकार दिला होता, तिची पिशवी अजून भरली नव्हती. त्या घाटातून मी नंतर पुष्कळदा गेलो. गाडी एकदाही बंद पडली नाही.

बंद पडलेल्या गाड्यांवर माझा एकच राग आहे, दगडांचा. ट्रक बंद पडला की चाकाखाली आणि मागे ओळीने धोंडे मांडतात, वर एखादी डहाळी खोचतात. ट्रक जातो, धोंडे तिथेच. रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर जातो. मी उतरून धोंडे बाजूला करतो. त्यापायी उशीर होतो आणि बायको घड्याळ दाखवते.

दिवाळीनंतर एकदा मांजरसुंब्याच्या पुढे असेच धोंडे दिसले म्हणून थांबलो. तर पुढे अंधारात ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या, एकीचा आख तुटलेला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी, लहान लेकरं. ऊसतोडीला निघालेली माणसं, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आगाऊ उचल देऊन त्यांना नेणाऱ्या मुकादमाचा फोन लागत नव्हता. एका बाईने विचारलं, ‘दादा, पानी हाय का?’ गाडीतली कॅन दिली, डिकीतला लाल त्रिकोण काढून मागे लावून ठेवला. पैशांचा प्रश्नच नव्हता. मग मी विचारलं, कुठल्या गावचे, कोणत्या कारखान्याला निघालात, किती कोयते, उचल किती घेतली?

गाव सांगितलं, कारखाना सांगितला, कोयते सांगितले. उचलीचा आकडा काही त्यांनी सांगितला नाही.