मोडी आणि 'याचा उपयोग काय'

रविवार, रात्री उशिरा

दुपारी वहिनीचा फोन आला, तिच्या माहेरी एक जुना कागद सापडलाय, मोडी लिपीतला आहे, वाचून देशील का. आणि मग हळूच, "बरं झालं गं तू शिकून ठेवलंस ते." हीच वहिनी मी क्लास लावला तेव्हा म्हणाली होती की या वयात लिपी कसली शिकतेस, याचा उपयोग काय. तिचं एकटीचं नाही म्हणा, २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, जुने दस्त निघाले ते मोडी लिपीतले, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. टीव्हीवर मोडी, पेपरात मोडी. मी तीच, माझी वही तीच, आणि ऑफिसात लोक चहा पाजायला लागले.

छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पूर्वी वाटायचं तसं नाही वाटलं, आणि दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

कारण मी आयुष्यभर 'हुशार आहे हो पोरगी' या वाक्यावर जगलेली बाई. शाळेत नंबर, बँकेत प्रमोशन, घरी पुरणपोळी केली तरी आधी सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि मग स्वतःच्या ताटाकडे. मोडीत ती सोयच नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग होईल तितका बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पूर्णविराम तर नाहीच. म्हणजे वाक्य कळल्याशिवाय शब्द तुटत नाही आणि शब्द तुटल्याशिवाय वाक्य कळत नाही. त्या कारकुनाला घाई होती, त्याला माझं काय पडलंय. शब्द लागला तर लागला, नाहीतर बसा.

मध्यंतरी मी वाचलेले कागद स्टेटसला टाकायचे. मग लक्षात आलं की टाकायला म्हणून मी पेशवाईतले वळणदार अक्षराचे कागद शोधतेय आणि आजोबांच्या ट्रंकेतले कर्जरोखे तसेच पडलेत, कारण कर्जरोख्याला कोण वा म्हणणार. स्टेटस बंद केलं. तत्त्व वगैरे काही नाही, कुणीकुणी बघितलं हे बघण्यातच संध्याकाळ जायची.

इतिहासाचार्य राजवाडे आठवतात अशा वेळी. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उघडून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले, पहिला १८९८ चा, पुढे बावीसपर्यंत गेले. इंग्रजीत लिहिलं असतं तर नाव लांबवर गेलं असतं, पण गडी मराठीतच लिहीत राहिला. स्वभाव भयंकर तिखट होता म्हणतात, तेवढा तिखटपणा मला जमायचा नाही आणि खरं तर नकोही आहे. मला लोक आवडतात. फक्त काय करायचं हे त्यांना विचारून ठरवायचं नाहीये आता.

तर ती ट्रंक. राणीच्या छापाचे स्टँप पेपर, खरेदीखतं, गहाणखतं. सही येत नसेल तर निशाणी करायचे ना, कुणब्याची नांगराची आणि बाईची बांगडीची. एका गहाणखताच्या तळाशी अशी छोटीशी वाटोळी बांगडी दिसली आणि मी चाटच पडले, म्हणजे या बाईचा जमिनीत काहीतरी हक्क होता, निदान तिची संमती तरी लागली होती, आणि घरात कुणाला तिचं नावही माहीत नाही! तेव्हापासून वही घातलीय. आमच्या गावच्या जेवढ्या कागदांवर बांगडी सापडेल त्या बाईचं नाव, साल, कुठली जमीन, किती रुपये. कुणी सांगितलेलं नाही, कुठे छापायचंही नाही. नवरा विचारतो, पुढे काय करणार याचं? मी म्हणते, अजून एक ट्रंक मिळते का बघणार.

आज रात्री एक नाव अडलंय. 'कोम', म्हणजे 'अमक्याची बायको', त्याच्या पुढचं नवऱ्याचं नाव स्वच्छ वाचता येतंय, आणि तिचं स्वतःचं मात्र कागदाच्या घडीत गेलंय. सखू असेल किंवा सगू, पण अंदाजाने वहीत घ्यायचं नाही असं ठरवलंय. उद्या मोडीच्या क्लासच्या सरांना फोटो पाठवते. ते फार बोलत नाहीत, 'बरोबर' नाहीतर 'परत बघा'.