जुनापाणीचे गोटे, मुरूम आणि अर्धं लिंबू

भाचा नववीत आहे. भूगोलातलं विदारण, म्हणजे खडक जागच्या जागी फुटणं-कुजणं, वाचताना बर्फाच्या उदाहरणावर अडखळला. भेगेत पाणी शिरतं, गोठून फुगतं आणि खडक फुटतो. "मामा, नागपुरात बर्फ रसवंतीतच दिसते. मग आपले दगड कोण फोडून राहिलं?" उत्तर घरबसल्या देण्यासारखं नव्हतं. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सातला काटोल रोड धरला.

जुनापाणी शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. इथे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. बहुतेक लोक पुरातत्त्व म्हणून बघतात आणि फोटो काढून परततात. आम्ही गेलो ते गोट्यांसाठी. वर्तुळातले गोटे काळ्या पाषाणाचे आणि बरेचसे गोलसर. हा गोलावा बहुतेक छिन्नीचा नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना आकसला, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. भेगांतून पावसाचं पाणी उतरलं. ठोकळ्याच्या पृष्ठावर पाण्याचा मारा एका बाजूने, कडेवर दोन बाजूंनी, कोपऱ्यावर तीन बाजूंनी. म्हणून कोपरे आधी कुजतात आणि मधे गोटा उरतो.

हे पटायला रस्त्याकडेची मुरमाची कड बघावी. तिथे गोटे अजून आपल्या जागीच बसलेले दिसतात, भोवती तपकिरी पापुद्रे. एक पापुद्रा नुसत्या बोटाने निघाला. "हा तर कांदा सोलून राहिलो मी!" भाचा खूश. आतला गाभा मात्र हातोडीला दाद देत नाही. पापुद्र्याचा रंग गंजाचा आहे, कारण दगडातल्या लोहाला हवा आणि पाणी लागलंय. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. ते दगडातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं हळूहळू पोखरतं, चिकणमाती तयार करतं.

आणि ऊन? मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, म्हणून ऊनच दगड फोडतं असं मी वर्षानुवर्षं सांगत होतो. पण 1936 साली भूवैज्ञानिक डेव्हिड ग्रिग्ज यांनी ग्रॅनाइटचा तुकडा 89,400 वेळा तापवून थंड केला, म्हणजे जवळपास 244 वर्षांचे दिवस-रात्र. कोरड्या दगडाला काहीच झालं नाही. थंड करताना पाणी वापरलं तेव्हा मात्र तो खराब होऊ लागला. म्हणजे उन्हाला पाण्याची साथ हवी. त्यात मुळंही आली. विहिरीच्या काठावर पिंपळाने काय केलं ते कोणीही सांगेल.

काही गोट्यांवर वाटीसारखे खळगे आहेत, ते माणसाने कोरलेले. शेजारी नैसर्गिक छिद्रंही आहेत, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची. फरक असा की वाट्या साधारण एका मापाच्या आणि बहुधा ओळीत असतात. छिद्रं वाकडीतिकडी, कुठेही. सकाळचं तिरपं ऊन असेल तरच हे नीट दिसतं. नऊनंतर गेलात तर अर्धी मजा गेली.

जाणाऱ्यांनी एक ऐका, पावसाळ्यात जाऊ नका. मागे जुलैत मी गेलो होतो. काळ्या मातीने एक चप्पल ठेवून घेतली आणि गाडी ढकलत आणावी लागली. ही माती दगड कुजूनच झालेली. पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खोल घ्या म्हणतात तो याचसाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पायात बूट, सोबत पाणी आणि टोपी, कारण सावली फारशी नाही. गोटे उलटवू नका: एक तर जागा संरक्षित आहे, दुसरं म्हणजे खाली विंचू असतो. हातोडी चालवायची तर रस्त्याकडेच्या सुट्या दगडावर.

डब्यातल्या पोह्यांसोबत अर्धं लिंबू होतं. मातीतून निघालेल्या पांढऱ्या चुनखडीच्या खड्यावर पिळलं तर बारीक फेस आला. दगडातलं कॅल्शियम पाण्यात विरघळून मातीत पुन्हा साचलं, त्याचे हे खडे. लिंबू जरूर न्या, एवढ्या स्वस्तात रसायनशास्त्र होत नाही.

वेळ होता म्हणून दुपारी रामटेकलाही गेलो. नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटर. मनसरपर्यंत जबलपूरचा रस्ता चांगला आहे. रविवारी गडावर गर्दी फार, गाडी खालीच लावून पायऱ्यांनी चढा. हा डोंगर काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुना, त्यात क्वार्टझाइट. म्हणजे जवळजवळ सगळं क्वार्ट्झ, गारगोटीचं खनिज, आणि आपल्या आंबट पावसाला त्यात खाण्यासारखं फारसं काही सापडत नाही. आजूबाजूचं झिजून खाली बसलं, हा उभा राहिला. फुटतो तो भेगांवर, आणि फुटला तरी त्याची धार जात नाही. इथे गोटा शोधून सापडेना.

पायथ्याशी पडलेल्या एका तुकड्यावर भाच्याने गाडीची किल्ली घासली. दगडावर चांदीसारखी रेघ उठली. ती दगडाला पडलेली चीर नव्हती, किल्लीचंच लोखंड होतं.