तुम्ही विचारलंत म्हणून: एखादी गोळी चुकली तर काय बिघडतं?

मूत्रपिंड किंवा यकृत बदललं की शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात. वर्ष-दीड वर्ष झालं की हा प्रश्न येतोच. कधी रुग्ण विचारतो, कधी त्याची आई बाजूला घेऊन विचारते. ‘रिपोर्ट नॉर्मल, तब्येत छान, मग एखादी गोळी राहिली तर?’ त्या दिवशी काहीच बिघडल्याचं कळत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे.

शरीर नवा अवयव नाकारू लागतं तेव्हा बहुतेकदा दुखत नाही, ताप येईलच असंही नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड ज्याला बाहेर टाकतं ते टाकाऊ द्रव्य) वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं नुकसान सुरू झालेलं असतं. डोस वारंवार चुकत राहिले तर शरीर दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती एकदा तयार झाली की नंतर कितीही नियमाने गोळ्या घेतल्या तरी पूर्ण घालवणं फार अवघड. पुन्हा प्रत्यारोपणाची वेळ आलीच, तर जुळणारा दाता मिळणंही त्यांच्यामुळे कठीण होतं.

‘इतक्या वर्षांत शरीराला सवय झाली असेल ना?’ हा त्याच्याच पाठचा प्रश्न. १९५४ साली बोस्टनमध्ये मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. तिथे शरीराला परकं असं काही नव्हतंच. बाकीच्यांच्या बाबतीत दहा वर्षांनीही तो अवयव परकाच असतो. क्वचित कुणाचं शरीर औषधांशिवाय तो स्वीकारतं, पण ते कोण हे आधी ओळखता येत नाही. म्हणून स्वतःवर प्रयोग करू नका.

टॅक्रोलिमस हे या गोळ्यांतलं मुख्य औषध, आणि त्याचं गणित नाजूक आहे. रक्तातली पातळी थोडी खाली गेली की अवयवाला धोका, थोडी वर गेली की हात थरथरणं, साखर वाढणं, मूत्रपिंडावर ताण. म्हणून दिवसातून दोनदा घ्यायची गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यायची: सकाळी आठ, रात्री आठ. जेवणाआधी की नंतर हे एकदा डॉक्टरांशी ठरवा आणि रोज तसंच ठेवा, कारण अन्नाने औषध कमी शोषलं जातं. रक्त तपासायच्या दिवशी एक चूक फार जण करतात: सवयीने सकाळची गोळी घेऊन प्रयोगशाळेत जातात. मग पातळी खोटी जास्त दिसते आणि त्यावरून डोस कमी होण्याची भीती असते. गोळी सोबत न्या, रक्त देऊन झालं की घ्या. चुकून आधी घेतलीच असेल, तर रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना तसं सांगा.

डोस विसरलात आणि लवकर लक्षात आलं, तर तो लगेच घ्यायचा. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायचा. किती तासांपर्यंत चालेल हे आपल्या प्रत्यारोपण केंद्राकडून विचारून डबीवर लिहून ठेवा. दोन डोस एकत्र कधीच घेऊ नका. गोळीनंतर लगेच उलटी झाली किंवा जुलाब लागले तर फोन करा. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी अनेकदा वाढते, हे पुष्कळांना खरं वाटत नाही.

दुसरी औषधंही घात करतात. क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) टॅक्रोलिमसची पातळी वर नेतात. रिफॅम्पिसिन (क्षयरोगावरचं), फेनिटॉइन (फिट येण्यावरचं) खाली ओढतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं थेट मूत्रपिंडाला त्रास देतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य. दुकानदाराने ‘तेच औषध, दुसरी कंपनी’ म्हणून गोळी बदलली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दिवसातून एकदा घ्यायची आणि दोनदा घ्यायची टॅक्रोलिमस यांची अदलाबदल तर अजिबात नको.

गोळ्या चुकतात त्या बेफिकिरीने, असं सरसकट म्हणणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. साठा संपतो. सुट्टीच्या दिवशी उशिरा जाग येते. प्रवासात डबी सामानाच्या बॅगेत राहते (ती हातातल्या पिशवीतच हवी). स्टिरॉइडने चेहरा सुजतो, टॅक्रोलिमसने केस गळतात, आणि आरशात पाहवत नाही म्हणून कुणी गुपचूप अर्धी गोळी घेतं. मुलाचा विचार करणारी स्त्री कुणाला न विचारता मायकोफेनोलेट (अवयव नाकारला जाऊ नये म्हणूनचंच आणखी एक औषध) बंद करते. तिची काळजी रास्त आहे, त्या औषधाने गर्भाला अपाय होतो. पण गर्भधारणेच्या निदान सहा आठवडे आधी डॉक्टर ते बदलून दुसरं औषध देतात. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘गेल्या पंधरा दिवसांत किती डोस राहिले, किती उशिरा झाले?’ असं विचारलं की माणूस बोलू लागतो.

सर्वांत जास्त काळजी किशोरवयीन मुलांची वाटते. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून एका दिवसात सगळं त्यांच्यावर सोपवू नका. बाराव्या-तेराव्या वर्षी औषधांची नावं पाठ असावीत, मग आठवड्याची डबी मुलाने भरावी आणि तुम्ही तपासावी, मग डॉक्टरांशी त्याने एकट्याने बोलावं. डबी तपासणं मात्र सगळ्यांत शेवटी थांबवा.