पंख नाहीत म्हणून ते पिल्लूच असं नाही

पाऊस सरत आला की ठाण्याजवळच्या येऊर जंगलाच्या फोटोंनी आमचे निसर्गवाले ग्रुप भरून जातात, फुलपाखरं, कोळी, खेकडे सगळं असतं त्यात, आणि मधूनच एखादा ओल्या दगडावरच्या मातकट किड्याचा फोटो येतो, जेमतेम सेंटिमीटरभर, पंख दिसत नाहीत, आणि खाली लगेच उत्तर पडतं, "नाकतोड्याचं पिल्लू आहे." झालं, विषय संपला. मला या उत्तराबद्दलच बोलायचंय, कारण पिग्मी ग्रासहॉपरच्या, म्हणजे बुटक्या नाकतोड्यांच्या बाबतीत पंख नाहीत म्हणजे अजून लहान आहे असं धरून चाललो तर एखादी नवीन प्रजाती डोळ्यासमोरून निघून जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

हे पिग्मी ग्रासहॉपर म्हणजे टेट्रिजिडी कुळ. जगभरात साधारण दोन हजार प्रजाती, बहुतेक सगळ्या दोन सेंटिमीटरच्या आतल्या. नेहमीच्या नाकतोड्यांसारखे हे गवत खात बसत नाहीत, यांचं खाणं म्हणजे शेवाळ, दगडफूल, कुजलेला पाचोळा, त्यामुळे राहतात पण तिथेच, ओढ्याकाठी, पाझरणाऱ्या कातळावर, ओल्या मातीत. काही तर चक्क पोहतात, आपल्याकडे सह्याद्रीत सेलिमेना म्हणून आहेत त्यांच्या मागच्या पायांची नडगी वल्ह्यासारखी पसरट असते. आवाज काढत नाहीत, ऐकायला कानही नाहीत. ओळखायची मुख्य खूण म्हणजे पाठीवरची ढाल, प्रोनोटम म्हणतात तिला, बाकी नाकतोड्यांत ती मानेपाशी संपते आणि यांच्यात ती मागे वाढत जाऊन अख्खं पोट झाकते.

आणि गंमत इथेच आहे. पुढचे पंख या सगळ्या कुळातच छोट्याशा खवल्याएवढे उरलेत, मागचे पंख असले तर ते त्या ढालीखाली घडी करून ठेवलेले असतात, म्हणजे वरून काढलेल्या फोटोत पंख आहेत की नाहीत हे मुळात कळतच नाही! बाजूने बघावं लागतं, ढालीच्या कडेखाली तो खवला दिसतो का. काही प्रजातींत, विशेषतः क्लॅडोनोटिनी या गटात, खवलाही नाही आणि मागचे पंखही नाहीत, पूर्ण वाढ झालेला किडा आयुष्यभर बिनपंखांचा.

मग मोठा झालाय हे ओळखायचं कसं? शेपटाकडे बघायचं. मादी असेल तर अंडी घालायच्या अवयवाच्या पाकळ्या चांगल्या कडक आणि करवतीसारख्या दातेरी झालेल्या दिसतात, पिल्लात त्या छोट्या आणि मऊ असतात. एवढी एक गोष्ट फोटोत नीट आली तरी निम्मा वाद मिटतो.

पण नुसते पंख नाहीत म्हणून नवीन प्रजाती असंही होत नाही हां. टेट्रिक्स सबुलाटा नावाची युरोपातली प्रजाती घ्या, तिच्यात एकाच प्रजातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे दोन्ही प्रकार सापडतात. रंगाचं तर विचारूच नका, एकाच ठिकाणी काळे, राखाडी, तपकिरी, पट्टेवाले सगळे, आणि आग लागून गेलेल्या जमिनीवर काळ्यांचं प्रमाण वाढतं हेही अभ्यासलं गेलंय. म्हणून वर्णन लिहिताना रंग शेवटी येतो. आधी बघतात ते डोक्याचा माथा दोन डोळ्यांच्या मध्ये किती रुंद आहे, मिशा डोळ्याच्या कुठल्या पातळीवरून निघतात, ढालीचा मधला कणा सरळ आहे की कुबड आलंय, मधल्या पायाच्या मांडीच्या कडा कशा आहेत. हे सगळं मायक्रोस्कोपखाली, मिलिमीटरच्या हिशोबात, आणि नुसतं मापून भागत नाही, आधीच्या नमुन्यांशी ताडून बघावं लागतं. ते नमुने आहेत कुठे तर बरेचसे परदेशात, कारण या कुळावरचं पायाभूत काम १८८७ मध्ये स्पेनच्या इग्नासिओ बोलिव्हार यांनी केलं आणि नंतर भारतातल्या प्रजातींची वर्णनंही त्यांनी लिहिली. इथल्या ओढ्यावरचा किडा ओळखायला माद्रिदच्या म्युझियममधल्या नमुन्याचे फोटो मागवायला लागणं हे मला खरंच खुपतं.

मग एक नमुना होलोटाइप म्हणून ठरवायचा, नाव त्याच्याशी कायमचं बांधलं जातं, जागा नोंदवायची, आणि आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवीन प्रजातीचा नमुना ठरलेल्या संस्थेत जमा करायचा, भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली मोठी संस्था, पुण्यात आकुर्डीला त्यांचं केंद्र आहे. आणि हो, येऊर नॅशनल पार्कात येतं, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय एक मुंगीसुद्धा उचलायची नाही, फोटो काढा.

नमुना टिकून राहिला तर तो किती वाट बघू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण इलेक्ट्रोटेटिक्स अॅटनबरोई. १९५९ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून अंबर, म्हणजे दगडासारखा झालेला झाडाचा जुना चीक, गोळा करून अमेरिकेत इलिनॉयला नेलं गेलं, ते तिथे एका सिंकखालच्या कपाटात पडून राहिलं, आणि पन्नासेक वर्षांनी तपासताना त्यात साधारण आठ मिलिमीटरचा पिग्मी ग्रासहॉपर निघाला, दोनेक कोटी वर्षांपूर्वीचा. २०१४ मध्ये निसर्गपट करणारे डेव्हिड अॅटनबरो यांच्या नावाने त्याचं वर्णन छापून आलं. तोही क्लॅडोनोटिनी गटातलाच, ज्यात आज जवळपास सगळे बिनपंखांचे आहेत, आणि त्याच्या अंगावर मात्र पंखांचे छोटेसे अवशेष होते. पंख जाता जातानाचा टप्पा असा हातात मिळणं, मला तर हे वाचूनच काटा आला होता.

ठाण्यात असं काही सापडेल का असं कुणी विचारलं तर मी कोळ्यांकडे बोट दाखवते. २०२१ मध्येच ठाणे-कल्याण भागातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नवीन प्रजाती आल्या, त्यातल्या एकाला शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलंय, आयसियस तुकारामी. कोळी शोधणारे होते म्हणून सापडले. बुटक्या नाकतोड्यांकडे बघणारे आपल्याकडे फारच थोडे.

आणि माझ्या मते यांना शोधायची घाई जास्त आहे. पंख असलेला किडा ओढा आटला तर उडून दुसरीकडे जाईल, बिनपंखी उड्या मारून किती जाणार, त्याला घोडबंदर रोड म्हणजे देशाची सीमाच. एका डोंगराच्या एका ओल्या भिंतीवरची प्रजाती तेवढ्या भिंतीपुरतीच असू शकते, आणि ती भिंत सिमेंटने लिंपली की संपलं.

तर उपवनकडून वर जाताना किंवा खारघरला पांडवकडा धबधब्याच्या बाजूला शेवाळलेल्या दगडावर असा कुणी दिसला तर एक फोटो वरून, एक अगदी बाजूने, एक शेपटाचा, जमलं तर एक समोरून चेहऱ्याचा, आणि तारीख-ठिकाण न विसरता टाका. "पिल्लू आहे" म्हणायच्या आधी शेपटाचा फोटो मागा.